शेऱ्याचा रकाना

नमस्कार श्रोतेहो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत मी बरीच वर्षं प्रशिक्षण विभागात काम केलं. तिथल्या एका मोठ्या कंपनीत पाळीबदलाची वही बंद होऊन टॅबलेट आला, त्याविषयी आज बोलणार आहे.

वहीत शेवटी 'शेरा' असा रकाना असे. रात्रपाळीचा ऑपरेटर लिहून ठेवायचा, 'तीन नंबर पंपाचा आवाज बदललाय, बेअरिंगवर लक्ष ठेवा.' सकाळी फिटर ते वाचायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवायचा आणि त्याच्या मुठीला कान लावून आतला आवाज ऐकायचा. टॅबलेटवर मात्र पर्याय दोनच, 'चालू' आणि 'बंद'. आवाज बदललेला पंप चालूच असतो. मग नोंदायचं कुठे?

अहवालात टॅबलेटचं प्रशिक्षण शंभर टक्के पूर्ण. कँटीनमध्ये वेगळंच. 'आपल्याला विचारतंय कोण? उद्या माणसंच कमी करतील.' याला नुसती कुरकुर समजणं मला अजिबात पटत नाही. बदलातून आपलं काय होणार, असं कामगाराला वाटतं, त्यावर तो तोंड उघडणार की गप्प बसणार हे ठरतं.

ख्रिस आर्जिरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात थर्मोस्टॅटचं उदाहरण दिलं होतं. ठरलेलं तापमान बिघडलं की थर्मोस्टॅट ते जागेवर आणतो, पण हेच तापमान का ठरवलं, असं विचारत नाही. मोठ्या कंपन्या बहुधा इथेच अडतात. नोंदी वेळेवर भरल्या का, हे तपासतात. नोंदीचा नमुनाच चुकलाय का, हे नाही.

एमी एडमंडसन या अमेरिकन अभ्यासिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या चालणाऱ्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथे माणसं चुका मोकळेपणी सांगत होती, असा उलगडा तिने केला. कमी तक्रारींवर खूश होणाऱ्या प्रत्येक साहेबाने हे जरूर ऐकावं.

त्या कंपनीत पुढे टॅबलेटवर मराठीत लिहायला मोकळी जागा दिली गेली. सुरुवातीला ती रिकामीच राहिली. मग सुपरवायझर पाळी सुरू होताना आदल्या नोंदी मोठ्याने वाचू लागले, कोणत्या नोंदीवर काय केलं तेही सांगू लागले. त्यानंतर लोक लिहू लागले. नमस्कार.