शंभर लिटर पाणी अन् दोन माणसं

मागं आवाज येतोय ना? बरं. तर मंडळी, मला सांगितलंय की युरोपात गाडीत राहून फिरलात त्याबद्दल बोला, पण मी लातूरची बाई आहे, तर मी पाण्यापासूनच सुरू करणार.

आमची लेक जर्मनीत असते. आम्ही दोघं रिटायर झालो तेव्हा तिनं सुचवलं की हॉटेलं करण्यापेक्षा कॅम्पर व्हॅन भाड्यानं घ्या. आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, अगं, ऊसतोडीला निघाल्यासारखं संसार बांधून कुठं जायलाव ह्या वयात? त्यांच्या माहेरी केज तालुक्यात दिवाळी झाली की गाड्या निघताना त्यांनी लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळं गाडीत राहणं म्हणजे हौस असू शकते हे त्यांना पटतच नव्हतं, अन् त्यांचं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

गाडी म्हणजे फियाट डुकाटो, सहा मीटर लांब, मागं पलंग, मधे दोन बर्नरची शेगडी, छोटा फ्रिज, 11 किलोचा गॅस सिलेंडर, एवढासा बाथरूम अन् पलंगाखाली 100 लिटरची पाण्याची टाकी. पहिल्या रात्री आम्ही काय केलं, तर दोघांनी शॉवर सोडून मनसोक्त आंघोळ केली, भांडी वाहत्या नळाखाली घासली, अन् सकाळी मी चहाला नळ सोडला तर पंप नुसता घर्र घर्र करायला लागला, थेंब नाही. मी तशीच पातेलं हातात धरून उभी राहिले. मला एकदम आपला 2016 चा एप्रिल आठवला, आपलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलेलं अन् 12 तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. तुमच्यापैकी कितीतरी जण स्टेशनवर गेला होतात, आम्हीही गेलो होतो. त्या उन्हाळ्यात मी भाजी धुतलेलं पाणी तुळशीला अन् कपड्यांचं पाणी संडासात टाकत होते, अन् तीच मी सात वर्षांत सगळं विसरून गेले. खरं सांगते, लाज वाटली.

मग आम्ही हिशोब बसवला. शॉवरला बटण असतं, अंग ओलं करायचं, बंद करायचं, साबण लावायचा, परत सोडायचं, पाच-सहा लिटरात आंघोळ होते. ताट-वाटी आधी कागदानं पुसून घ्यायची. भाकरीचं मात्र अवघड होतं. ज्वारीचं पीठ अन् लोखंडी तवा मी इथनंच नेलेला (तूप, खवा, पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरनं युरोपियन युनियनमधे नेता येत नाहीत), तर पीठ मळलं की हात, परात, ओटा सगळं चिकट, त्याला पाणी लागतंच. मग मी परातीत तळाला पेलाभर पाणी टाकून हात त्यातच धुवायचे अन् ते पिठाचं पाणी फेकायच्या ऐवजी पिठल्यात घालायचे, पिठलं आणखी दाट व्हायचं. असं करून टाकी तीन-चार दिवस पुरायला लागली.

आता वापरलेल्या पाण्याचं. ते वेगळ्या टाकीत साठतं अन् ठरलेल्या जागीच सोडायचं, रस्त्याकडेला नाही. संडासाची पेटी वेगळी, बाहेरच्या बाजूनं दार उघडून चाकांच्या बॅगेसारखी ओढत न्यायची, रिकामी करायची, धुवायची. हे काम ह्यांनी केलं, दर दोन दिवसांनी, पस्तीस दिवस. घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, अगं, आपण आपलं स्वतःचं पहिल्यांदा उचललं. आपल्याकडं हे काम पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या माथी मारलं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

पाणी म्हणजे वजन, हेही तिथंच कळलं. साध्या कारच्या लायसनवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालते, त्यात माणसं, सामान, पाणी सगळं आलं, 100 लिटर म्हणजे 100 किलो. म्हणून ऑस्ट्रियात ग्रोसग्लॉकनरचा घाट चढायच्या आधी आम्ही टाकी अर्धीच भरली. 48 किलोमीटरचा रस्ता, 36 वळणं, 1935 साली सुरू झालेला, वर 2504 मीटरवर खिंड. उतरताना गिअर खालचा ठेवायचा, नुसता ब्रेक दाबत बसलं तर ब्रेक तापतात, आपल्या घाटातही तेच.

त्या रस्त्यावरनं पास्टर्झे नावाची हिमनदी दिसते, ऑस्ट्रियातली सगळ्यात मोठी. फोटोत पांढरीशुभ्र वाटते. खाली उतरत जाणाऱ्या पायवाटेवर पाट्या आहेत, अमुक साली बर्फ इथवर होतं. एका पाटीपाशी उभं राहिलं तर समोर नुसते दगड अन् गाळ, बर्फ पार लांब, खाली. मला धनेगावच्या धरणाचा तळ दिसला हो, त्या भेगा. हे पाटीजवळ बराच वेळ गप्प उभे होते. बाकीचे लोक फोटो काढत होते, मला काढावासा वाटला नाही.

बाकी नियमांचं पटकन सांगते. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा चालतो त्यावर, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय परमिट आपल्या आरटीओतनं मिळतं, वर्षभर चालतं. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, स्लोव्हेनियात हायवेसाठी व्हिन्येट नावाचा टोल आधीच घ्यावा लागतो. रात्री कुठंही थांबता येतं हा लोकांचा मोठा गैरसमज आहे. ह्या गाड्यांना थांबायच्या जागा ठरलेल्या असतात, जर्मनीत त्यांना श्टेलप्लाट्स म्हणतात, फ्रान्समधे एर, स्लोव्हेनियात ठरलेल्या जागेबाहेर झोपलात तर दंड. दुसऱ्या वर्षी आम्ही नॉर्वेला गेलो, तिथं 1957 च्या कायद्यानं मोकळ्या रानात कुणालाही तंबू टाकता येतो, घरापासून 150 मीटर लांब, पण तो हक्क तंबूचा, गाडी रानात घालायचा नव्हे. अन् नॉर्वेत जिकडं बघाल तिकडं डोंगरावरनं पाणी पडायलंय, गाडीच्या काचेवरसुद्धा! मी तिथंही बटण दाबूनच आंघोळ केली. ह्यांनी विचारलं, आता कशाला? मला उत्तर देता आलं नाही.

पहिल्या वेळी गाडी परत करायला गेलो तेव्हा तिथल्या मुलानं खालचा व्हॉल्व्ह उघडला अन् टाकीतलं उरलेलं चांगलं पाणी खडीवर सोडून दिलं, तीसेक लिटर असेल. मी त्याला खुणेनंच थांब म्हणाले, पळत जाऊन गाडीतली बादली आणली, खाली लावली, भरली ती कुंपणाच्या झाडांना घातली, परत लावली. तो पोरगा आधी बघत राहिला, मग दुसरी बादली त्यानं स्वतःच आणली.