एका स्टुलाचा खर्च

[रिकामा वर्ग. टेबलावर लाकडी स्टूल.]

आमच्या माहितीपटातला व्यवस्थापकीय लेखांकनाचा पहिला तास. फळा अजून कोरा आहे. कॉलेजच्या वर्कशॉपमधून आणलेलं एक स्टूल टेबलावर ठेवलंय. मॅडमनी हजेरी घेतली नाही, पुस्तकंही उघडायला सांगितली नाहीत. वर्ग बसला आणि त्यांनी विचारलं, "हे बनवायला किती खर्च आला असेल?"

कुणी लाकडाचा अंदाज बांधतं, कुणी मजुरीचा. मागच्या बाकावरचा एकजण पुढे येतो, स्टूल उलटं करतो आणि स्क्रू मोजायला लागतो.

या मुलांनी मागच्या सत्रात वित्तीय लेखांकन केलंय. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. तो हिशेब मुख्यतः बाहेरच्यांसाठी असतो: भागधारक, बँक, कर खातं. नमुना ठरलेला, नियम ठरलेले, आणि नावे-जमा या दोन्ही बाजू जुळल्या की जीव भांड्यात पडतो. आता सुरू होतोय तो हिशेब आतल्या माणसासाठी आहे. ऑर्डर घ्यायची की सोडायची, सुटा भाग घरी बनवायचा की बाहेरून आणायचा, हे ज्याला उद्या सकाळी ठरवायचंय त्याच्यासाठी. त्याला सक्तीचा नमुना नाही, आणि जुळवून बघायला दुसरी बाजूही नाही. मुलं अडखळतात ती इथे. कॅमेऱ्यामागून आम्हाला हे पुन्हा पुन्हा दिसलं.

[फळा. खडू.]

मॅडम आकडे देतात. चलन कोणतंही धरा. एका स्टुलामागे साहित्य १८०, कारागिराची नगावरची मजुरी १००, यंत्राची वीज २०. एकूण ३००. जितकी स्टुलं तितके तीनशे. हा बदलता खर्च. शिवाय जागेचं भाडं, देखरेख करणाऱ्याचा पगार, यंत्राचा घसारा म्हणजे झिजेपोटी धरलेला खर्च, असे महिन्याचे ६०,०००. महिन्याला सहाशे नगांची क्षमता आहे. तिच्या आत स्टूल एक बनो की सहाशे, हे साठ हजार तसेच. हा स्थिर खर्च.

आता फळ्याच्या उजव्या बाजूला बघा. महिन्यात ३०० स्टुलं बनली तर प्रत्येकाच्या वाट्याला स्थिर खर्चाचे २०० येतात; स्टूल पडलं ५०० ला. ४०० बनली तर ४५० ला. ६०० बनली तर ४०० ला.

लाकूड तेच, स्क्रू तेच, कारागीर तोच. उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर.

पहिल्या बाकावरची मुलगी तिन्ही आकडे उतरवून घेते आणि पेन खाली ठेवते. हा चेहरा आम्ही कापला नाही.

[खिडकीजवळचं बाक. विजेची बिलं.]

पण विजेचे वीस आले कुठून? बिलावर काही "नगामागे वीस" असं छापलेलं नसतं. बिल येतं एकच, सगळं मिसळलेलं. त्यात दिवे आहेत, पंखे आहेत, यंत्रंही आहेत. अशा खर्चाला मिश्र खर्च म्हणतात आणि तो सोडवून घ्यावा लागतो. या बाकावरची दोन मुलं तेच करतायत. सगळ्यात गर्दीचा महिना: ५०० स्टुलं, बिल १५,०००. सगळ्यात मंद महिना: २०० स्टुलं, बिल ९,०००. तीनशे नग वाढले तेव्हा बिल सहा हजारांनी वाढलं, म्हणजे नगामागे वीस. पाचशे नगांचे दहा हजार झाले, उरलेले पाच हजार एकही स्टूल न बनता लागलेच असते. ते महिन्याच्या साठ हजारांत बसले.

याला उच्च-निम्न पद्धत म्हणतात. ती ढोबळ आहे. मधल्या सगळ्या महिन्यांकडे ती बघतच नाही, आणि टोकाचा एखादा महिना विचित्र निघाला तर उत्तर फसतं. तरी सुरुवात हिच्यापासून करावी असं आमचं ठाम मत आहे, कारण खर्च एका जागी उभा नसतो, कामाबरोबर हलतो, हे इथे हाताला लागतं.

[जुनं चित्र: भट्ट्या, चाकावरची भांडी.]

हे ज्याला गरजेपोटी उमगलं असा एक माणूस इंग्लंडमध्ये होता. जोसाया वेजवूड, स्टॅफर्डशायरचा कुंभकाम उद्योजक. १७७२ साली तिथे पतपुरवठ्याचं मोठं संकट आलं, मागणी बसली, आणि वेजवूड स्वतः आपल्या वह्या घेऊन बसला. कोणत्या भांड्याला नेमकं काय लागतं ते त्याने एकेक करून मांडलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की काही खर्च भांडी कमी झाली म्हणून थांबत नाहीत, घड्याळासारखे चालूच राहतात. मग एकाच घडणीची भांडी मोठ्या संख्येने काढण्याचं मोल त्याला कळलं. मुलांना हे सांगायला मॅडमना पाच मिनिटं लागली. आम्हाला वाटतं, या विषयाच्या प्रत्येक वर्गात ही पाच मिनिटं खर्च व्हावीत. मग स्थिर खर्च ही नुसती पाठ करायची व्याख्या राहत नाही.

[आलेखाचा कागद. पट्टी. पेन्सिल.]

हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय.

आडव्या अक्षावर स्टुलं, उभ्या अक्षावर पैसे. विक्रीची रेघ शून्यापासून निघते, कारण काहीच विकलं नाही तर काहीच येत नाही. स्टूल विकलं जातं ५०० ला, म्हणून दर स्टुलाला ती ५०० ने चढते. खर्चाची रेघ शून्यापासून निघत नाही. तिची पायरी साठ हजारांवर आहे. मुलगा पट्टी तिथे टेकवतो, थांबतो, पुन्हा खाली आणतो, पुन्हा वर नेतो. ही रेघ शून्यातून का निघत नाही, हे त्याला इथे पट्टी हलवताना कळतंय. पुढे दर नगाला ती ३०० ने चढते. चढ कमी, म्हणून कधीतरी विक्रीची रेघ तिला गाठणार.

गाठली. ३०० स्टुलं; विक्री दीड लाख, खर्च दीड लाख. ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा.

सूत्राने हे एका ओळीत येतं. ५०० वजा ३००, दर स्टुलामागे २०० चं अंशदान. साठ हजारांना दोनशेने भागा. अंशदान हा शब्द मोलाचा आहे. ते दोनशे म्हणजे नफा नव्हे. आधी स्थिर खर्चाचा खड्डा त्यांनी भरायचा, आणि तीनशेव्या स्टुलानंतरचे दोनशे तेवढे नफ्यात जायचे. चारशे विकली गेली तर शंभर स्टुलं हातची, म्हणजे विक्री पंचवीस टक्के घसरली तरी तोटा नाही.

[वर्ग. दोन गट समोरासमोर.]

तिसऱ्या आठवड्यातला वाद. कारखाना महिन्याला चारशे स्टुलं बनवतोय. एक नवं गिऱ्हाईक पन्नास स्टुलं मागतं, पण भाव देतं ३८०. डावा गट म्हणतो, सोडा. स्टूल पडतं ४५० ला, ३८० ला विकायचं म्हणजे नगामागे सत्तर पदरचे. उजवा गट म्हणतो, घ्या. भाडं आणि पगार तर भरतोच आहोत. या पन्नासांसाठी नव्याने लागतील ते फक्त तीनशे, म्हणजे नगामागे ऐंशी सुटले, चार हजार जास्तीचे.

मॅडम कुणालाच बरोबर म्हणत नाहीत. विचारतात, "क्षमता शिल्लक आहे ना? आणि जुन्या गिऱ्हाइकांनी हाच भाव मागितला तर?" मग त्या ४५० भोवती गोल काढतात. आकडा खरा आहे, या प्रश्नाला तो लागू नाही. जॉन मॉरिस क्लार्क या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९२३ मध्ये वरखर्चांवरच्या, म्हणजे कोणत्याही एका नगाच्या नावावर थेट न टाकता येणाऱ्या खर्चांवरच्या ग्रंथात हेच मांडलं होतं: हेतू बदलला की खर्चही वेगळा धरावा लागतो.

[वहीचं पान. खोडाखोड.]

आणि हे पान. सगळ्या चित्रीकरणात आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेलं.

कारखान्याने ४०० स्टुलं बनवली, ४०० विकली. अंशदान ऐंशी हजार, वजा साठ हजार, नफा २०,०००. पुढच्या महिन्यात विक्री तीच, ४००. मात्र बनवली ६००. स्थिर खर्चही बनलेल्या नगांवर वाटणाऱ्या संपूर्ण परिव्यय पद्धतीने एक स्टूल पडलं ४०० ला, विकलं ५०० ला. चारशे नगांवर शंभर शंभर सुटले. नफा ४०,०००.

विक्री एकाने वाढली नाही. गोदामात दोनशे स्टुलं पडून. नफा दुप्पट.

मुलीने दोनदा खोडलंय. तिला वाटलं, आपलंच चुकलं. तिचं गणित बरोबर आहे. त्या दोनशे स्टुलांनी साठ हजारांतले वीस हजार पोटात घेतले आणि ती गोदामात जाऊन बसली. महिन्याच्या नफ्यातून तेवढा खर्च तात्पुरता अदृश्य झाला. सीमांत परिव्यय पद्धतीत साठ हजार त्याच महिन्यात वजा होतात आणि नफा वीस हजारच दिसतो. १९३६ साली जोनाथन हॅरिस या अमेरिकी कंपनी-हिशेबनिसाने आपल्या व्यावसायिक संघटनेच्या पत्रिकेत अशाच कोड्यावर लिहिलं, आणि हा वाद तिथून पुढे वर्षानुवर्षं चालला. बाहेर द्यायच्या हिशेबात पहिलीच पद्धत लागते. म्हणून आतल्या माणसाला दुसरी यायलाच हवी.

[पडद्यावर आकड्यांचे तक्ते.]

अंदाजपत्रक, प्रमाण खर्च (आधी ठरवलेला, यायला हवा असा खर्च), तफावती (ठरवलेला आणि झालेला खर्च यांतले फरक) यांचे आमच्याकडे दोनच तास चित्रित झालेत. त्यातली ही एक गोष्ट. चारशे नगांच्या अंदाजाशी साडेचारशे नगांचा खर्च ताडून कारागिराला उधळ्या ठरवता येत नाही. आधी अंदाज साडेचारशेंचा करून घ्यायचा, मग तुलना.

परीक्षा झाली. पेपरात गुण आकड्याला होते, 'कशासाठी' याला जागा नव्हती, आणि काहींचा विषय राहिला.

[तीच वही. शेवटचं पान.]

सत्राच्या शेवटच्या तासाला मॅडमनी स्टूल पुन्हा टेबलावर ठेवलं, तोच प्रश्न विचारला आणि उत्तर वहीत लिहायला सांगितलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिलं, ४५०. थोडा वेळ पानाकडे बघत राहिली. मग त्याच्याखाली, बारीक अक्षरात: महिन्याला चारशे बनली तर.