दम आणि डोंगर

श्रोतेहो, नमस्कार. अमरनाथ यात्रेचे दिवस आले की आपल्या खान्देशातून जथेच्या जथे निघतात. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर, आपलं तोरणमाळ साडेअकराशेच्या आसपास, आणि अमरनाथची गुहा जवळपास 3900 मीटर. निघणारा म्हणतो, "मी रोज पाच किलोमीटर चालतो, मला काय होतंय?"

तर व्यायामाचं आधी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. भरतीसाठी 1600 मीटर जीव तोडून धावणारा पोरगा शंभर लिटरच्याही वर. (ही पोरं पहाटे हायवेच्या कडेनं ट्रकचा धूर खात धावतात. गावोगावी सभामंडप उभे राहतात, धड मैदान मात्र एक नाही. असो.) पण मोठ्या माणसाची फुप्फुसं व्यायामानं मोठी होत नाहीत. सुधारतं ते हृदय, आणि रक्तातला प्राणवायू ओढून घेणारे स्नायू.

डोंगरावर मात्र मुळात मालच कमी. प्राणवायूचं प्रमाण तिथंही 21 टक्केच. पुन्हा सांगतो, 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. साडेपाच हजार मीटरवर तो निम्मा उरतो, म्हणजे दर श्वासात प्राणवायूही निम्म्याच्या आसपास.

आणि प्राणवायू कमी पडतोय हे आपलं आपल्याला कळत नाही, हीच खरी भानगड. 15 एप्रिल 1875. पॅरिसहून 'झेनिथ' नावाचं बलून उडालं. टोपलीत तिघं: तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. सोबत प्राणवायू भरलेल्या पिशव्या, त्यांच्या नळ्या डोक्याजवळच लोंबत होत्या. पॉल बेर या शास्त्रज्ञानं पत्र धाडलं होतं की एवढा प्राणवायू पुरायचा नाही. पत्र पोचेपर्यंत बलून गेलेलं. सात हजार मीटरच्या वर सिव्हेलनं वाळूच्या पिशव्या कापल्या, बलून आणखी चढलं. तिसांदिएनं नंतर लिहिलंय की त्रास असा नव्हताच, उलट आतून आनंद वाटत होता. नळी धरायला गेला, तर हात उचलेना. 'आठ हजार मीटर' असं ओरडायचं होतं, जीभ हलेना. मग शुद्ध हरपली. मध्ये क्रोसे-स्पिनेली जागा झाला आणि भ्रमातच त्यानं एक जड यंत्र खाली फेकलं. झालं, बलून पुन्हा वर! साडेतीनच्या सुमाराला तिसांदिएला जाग आली, तेव्हा दोघंही गेलेले होते. चेहरे काळे पडलेले, तोंडात रक्त. प्राणवायू हाताशी होता, श्रोतेहो, हाताशी!

यात्रेकरू एवढा वर जात नाही; पण 'मी ठीक आहे' हे त्याच्याच तोंडून ऐकून चालत नाही. सोबत्यानं बघायचं.

उंचीवर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, सगळीकडे सारख्या नाही. मग काही भागांत दाब वाढून पाणी झिरपतं. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रात्री. आधी कोरडा खोकला, मग बसल्या जागी धाप, शेवटी गुलाबी फेस. धडधाकट तरुणांनाही होतं. ते भरभर चढतात ना!

कोरोनातला ऑक्सिमीटर कपाटात असेल, तो घ्या. गारठलेल्या बोटावर आकडा चुकतो, हात चोळून लावा. साडेतीन हजारांवर 88-90 दिसलं म्हणून घाबरू नका. सोबतच्यांपेक्षा एकाचाच आकडा बराच खाली असेल, तर सावध व्हा. कापराची पुरचुंडी हुंगल्यानं नाक मोकळं वाटतं, प्राणवायू वाढत नाही. तीन हजारांच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा. उंचीचा त्रास टाळायला घेतात ती डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आणि बसल्या जागी धाप लागली, तर दर्शन राहू द्या. कॅम्पवर प्राणवायू असेल तर लावा आणि माणसाला खाली आणा, किमान 300 मीटर, जमलं तर हजार. रात्र असली तरी. चालवू नका, घोडा, डोली, जे मिळेल त्यावर बसवून आणा.