पाणी ठरवेल ती वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

फोटोग्राफर भेटला की लोक पहिल्यांदा विचारतात, कॅमेरा कोणता वापरता? गोव्यात डॉक्युमेंटरी कामं करताना मला मात्र आधी वेगळीच चौकशी करावी लागते. पाणी आता कुठवर आहे? आपल्याकडची कितीतरी कामं भरती-ओहोटी, पाऊस, धरणाची पातळी बघून चालतात. ती दाखवायची तर त्याच वेळा पाळाव्या लागतात.

खाजन शेतीचंच घ्या. बांधापलीकडे खारी नदी, अलीकडे भात, आणि मधे मानस, म्हणजे बांधातली पाण्याची झडप. भरती चढली की पाण्याच्या दाबानं मानशीची लाकडी दारं मिटतात. ओहोटीला आतलं पाणी ती उघडतं. मोटर नाही, वीज नाही. ओहोटीच्या पाण्याबरोबर बाहेर पडणारे मासे तिथंच जाळ्यात धरतात, आणि त्या हक्काची गावात पावणी, म्हणजे लिलाव होतो. काम देणारे म्हणतात, सकाळी नऊला फोटो काढून घ्या. पण भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. जाळं कधी रात्री दोनला उचललं जातं, बॅटरीच्या उजेडात. तेव्हा तिथं असलो तरच तो फोटो. दुपारी माणसांना पुन्हा जाळं धरून उभं करणं मला पटत नाही.

पेडण्यात आगरवाड्याच्या मिठागरांवर उन्हाळ्यात गेलो, तर पांढऱ्या ढिगांनी कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि मीठ करडं येतं. एक-दीड स्टॉप, म्हणजे दुप्पट-तिपटीनं, उजेड वाढवायचा, हे सोपं आहे. पण चेहरे? डोक्यावर ऊन, खालून मिठाची चकाकी. दुपारी डोळे मिटलेलीच माणसं दिसतात. म्हणून सकाळी लवकर जायचं, मीठ ओढायला सुरुवात होते तेव्हा. अवकाळी पाऊस आला तर मीठ विरघळतं. त्या दिवशी कॅमेरा बाहेर काढावा का, हे मी आगरावरच्या माणसांना विचारतो. नको म्हणाले तर नाही.

उसगाळीमळला कुशावतीकाठच्या जांभ्यावर बैल, हरणं, गोल गोल रेघांचा चक्रव्यूह कोरलेला आहे. माथ्यावर ऊन असताना ते सपाट दगडासारखं दिसतं. तिरपा उजेड आला की रेघ न रेघ उठते.

खाणीच्या खड्ड्यांबद्दल मात्र मला काळजी वाटते. साठलेलं हिरवंनिळं पाणी फोटोत फार देखणं येतं, इतकं की बघणारा तिथं सहलीला जाऊ म्हणेल. म्हणून त्याच गावातली विहीरही मी काढतो, आणि 2012 मध्ये खाणी थांबल्यावर ट्रक दारात उभे राहिले त्या घरांतही जातो. दोन्ही फोटो शेजारी छापा, असा आग्रह धरतो.

आणि कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलेलं. मे महिन्यात पाणी ओसरतं, सोमेश्वराचं देऊळ दिसतं, आणि वाडें, वालकिणीला वसलेली माणसं उत्सवाला परततात. ख्रिस्ती कुटुंबंही आपल्या कपेलपाशी जमतात. एक आजी जांभ्याच्या चौथऱ्यावर उभी राहून म्हणाली, "हांगा आमची चूल आशिल्ली." मी तिचा फोटो काढला. पण चूल पेटती असतानाचा एकही फोटो तिच्या घरात नव्हता.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाकडे जुन्या गावाचे, शेताचे, मिठागराचे फोटो असतील तर ते बाहेर काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येकामागे माणसांची आणि वाड्याची नावं लिहा. मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आपल्या पावसाळ्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही. हे काम मृग लागण्याआधी उरका.

नमस्कार.