घरी कोण काय करतं?

(सातपूर-अंबड भागातले छोटे कारखानदार आणि भरतीचं काम पाहणारी मंडळी यांच्यासमोर नाशिकला दिलेलं व्याख्यान. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे.)

नमस्कार मंडळी.

27 वर्षं मी अंबडच्या एका कारखान्यात माणसं भरती करायचं काम केलं. समोर मुलगा येऊन बसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: घरी कोण काय करतं? त्याची भीड चेपावी म्हणून विचारते, असं मला मनापासून वाटायचं. वडील एचएएलला, म्हणजे विमानाच्या सरकारी कारखान्यात, किंवा प्रेसमध्ये आहेत असं उत्तर आलं की मी सैल व्हायचे. (प्रेस म्हणजे नाशिकरोडची, नोटा छापणारी, हे इथे कुणाला सांगायला नको.) वडील मजुरीला जातात, द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीला येतात, असं उत्तर आलं की मी पुढचा अर्ज हातात घ्यायचे. दोन्ही वेळा त्या मुलाच्या हातात काय कसब आहे ते मला कळलेलंच नसायचं.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता, हे नंतर वाचनात आलं. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या अभ्यासकांनी दिल्ली भागातल्या मोठ्या कंपन्यांच्या 25 एचआर अधिकाऱ्यांशी बोलून 2007 मध्ये एक लेख लिहिला. आम्ही जात बघत नाही, गुण बघतो, असं ते अधिकारी सांगत होते. आणि मुलाखतीत कौटुंबिक पार्श्वभूमी मात्र विचारतच होते. त्याच वर्षी आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास आला. इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते. फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अजून कुणी कुणाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

नाशिकमध्ये हा विषय काढला की काळाराम मंदिर आठवतंच. 2 मार्च 1930 ला सत्याग्रह सुरू झाला. त्याचे एक पुढारी दादासाहेब गायकवाड आपल्याच जिल्ह्यातले, दिंडोरीकडचे. पण कारखान्याबद्दल बोलताना मला त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट जास्त जवळची वाटते. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. तुटलेला धागा धोट्याच्या (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी साधनाच्या) भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तो धोटा दुसऱ्याच्या हातात जाई. तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालणार नाही, हे कारण. विणाई खात्यात पगार जास्त होता. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हे खातं सगळ्यांना खुलं करा, अशी मागणी लावून धरली. गिरणीच्या गेटातून ही माणसं रोज आत जातच होती. प्रश्न गेटाचा नव्हता, कुठल्या खात्यात जायला मिळतं याचा होता.

आता आपापल्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या खात्यांत, एकदा नीट पाहा. हाउसकीपिंगला कोण, फेटलिंगला (ओतकामाच्या कडा घासायला) कोण, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कोण, क्वालिटीत कोण. आडनावं वाचा, गावं वाचा. मी एका दुपारी हजेरीपट घेऊन हे केलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ती वाटणी कुणी ठरवून केलेली नव्हती. तरी आमच्या सगळ्यांच्या हातूनच ती झाली होती.

एका मुलाबद्दल सांगते. सुरगाण्याकडचा, म्हणजे जिल्ह्याच्या आदिवासी भागातला, आयटीआय मशिनिस्ट. पहिल्या एसटीने आला होता आणि केबिनच्या बाहेर चपला काढून आत आला. आमच्या प्लँट हेडनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल सांगा. तो टेबलाकडे बघत राहिला. मी शेऱ्यात लिहिलं, 'बोलण्यात कमी'. विषय संपला.

पुढच्या पावसाळ्यात तोच मुलगा ठेकेदारामार्फत आमच्याच डिस्पॅचला लोडिंग करत होता. जेवणाच्या सुट्टीत फोरमनच्या टेबलाजवळ उभा राहून तो रोज व्हर्नियरकडे (बारीक माप घ्यायच्या साधनाकडे) बघायचा, म्हणून फोरमननी एक दिवस त्याच्या हातात एक बुश (धातूची छोटी नळी) दिला आणि म्हणाले, घे माप. त्याने आधी रुमालाने व्हर्नियरचे जबडे पुसले. मग ते मिटवून शून्य जुळतंय का पाहिलं. बुशचा आतला व्यास त्याने तीन दिशांनी घेतला, कारण बुश कधीकधी पूर्ण गोल नसतो. तिन्ही मापं पेन्सिलीने खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिली. फोरमन तो पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "ताई, याला तुम्ही नापास केलंय."

तो पुठ्ठा मी बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

त्यानंतर आम्ही क्रम उलटा केला. आधी माप, मग ड्रॉइंग वाचणं, मग बोलणं, तेही मराठीत. प्रश्न आधी लिहून काढलेले आणि सगळ्यांना तेच. अर्जावरचं नाव-गाव माप घेणाऱ्याला दिसायचं नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची मुलं निवडीच्या यादीत दिसायला लागली. मेरिटचं काय, असं मला आजही विचारतात. मेरिट त्या पुठ्ठ्यावर होतं आणि आमची मुलाखत त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती.

पण अर्ज आला तर पुढचं सगळं. जागा निघाली हे मुळात कळतं कुणाला? आपण शॉपमध्ये सांगतो, कुणी असेल ओळखीचं तर पाठवा. ओळख ज्याच्या घरात आहे त्याच्याच घरात मग दुसरी नोकरी जाते. ओळखीने आलेला मुलगा टिकतो, हे कारण मीही देत असे. तालुक्याच्या आयटीआयला एक पत्र पाठवायला किती वेळ लागतो? 30 आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. तेवढ्या जागा जरी ओळखीबाहेर भरल्या तरी फरक दिसेल.

बायकांबद्दल बोलायचं तर असेंब्लीत, वायरिंगला भरपूर बायका दिसतात आणि लाइन लीडर पुरुष असतो. कारण विचारलं की पाळ्यांचं सांगतात. 1948 च्या कारखाना कायद्याने बायकांना संध्याकाळी 7 ते सकाळी 6 कारखान्यात काम करायला बंदीच होती, आणि लीडर तिन्ही पाळ्यांना चालणारा हवा, असा आमचा नियम. तो आम्हीच केलेला. दिवसपाळीला वेगळा लीडर ठेवायला कुणी अडवलं नव्हतं. पाळणाघराचंही तसंच. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं. इथले किती जण मला सांगतात की आमच्याकडे 50 बायका नाहीत. अहो, कायदा कर्मचारी मोजतो, बायका नाही.

कानाने ऐकू न येणारा मुलगा प्रेस शॉपला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या खात्यात) घ्यायचा म्हटल्यावर आमच्याकडे मोठा विरोध झाला. सुरक्षेचं काय? मी त्या शॉपमध्ये जाऊन उभी राहिले. तिथे सगळ्यांच्या कानात बोळे आणि सगळे एकमेकांशी खुणांनीच बोलत होते. फोर्कलिफ्टला फिरता दिवा लावला, मशीनच्या अलार्मला दिवा जोडला. त्या दिव्यांचा उपयोग सगळ्यांनाच झाला.

सगळ्यात अवघड आहे ते आत आल्यावर वर सरकणं. आमचं सुपरवायझरीचं ट्रेनिंग शिफ्ट सुटल्यावर असायचं, साडेपाच ते साडेसात. ज्याची शेवटची गाडी त्याआधी सुटते तो पहिल्याच आठवड्यात गळायचा आणि आम्ही लिहायचो, 'इच्छा दिसत नाही'. मॅन्युअल इंग्रजीत. आमचा एक हेल्पर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाला, नोकरी करत, रविवारी अभ्यास करत. 1989 पासून हे विद्यापीठ आपल्या नाशिकमध्ये आहे. त्याच्या पदवीची नोंद आमच्या फाइलला दोन वर्षं नव्हती, कारण त्याला कुणी विचारलं नाही आणि सांगायचं कुणाला हे त्याला माहीत नव्हतं. ट्रेनिंग कामाच्या वेळेत घ्या. शिफ्टमधले दोन तास जातील, जाऊ द्या.

आमच्या छापील अर्जात पहिल्याच पानावर, जन्मतारखेच्या खाली, 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. तो काढायचं मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा कुणीच विरोध केला नाही. छापलेले अर्ज शिल्लक आहेत, ते संपू दे, असं ठरलं. ते संपायला चार वर्षं लागली. तुमचा अर्ज सोमवारी काढून पाहा, आणि रकाना असेल तर पेनाने खोडा. नवीन छपाईची वाट बघू नका.