किल्ली कुणाच्या हातात द्यायची?

(काळाचौकी. रविवारची सकाळ. रिकाम्या खोलीत एक बाई फरशी पुसतेय.)

चौदावा मजला. 300 चौरस फूट. हा टॉवर उभा राहण्याआधी इथे चाळ होती आणि काकूंचा संसार त्या चाळीत झाला. आता मुलगा डोंबिवलीला राहतो, नात लहान आहे, म्हणून काकू-काका तिकडे निघालेत आणि ही जागा भाड्याने द्यायची आहे. नाव सांगू नका, असं काकूंनी आधीच बजावलंय. वयाच्या 63व्या वर्षी त्या पहिल्यांदा घरमालकीण होतायत, आणि आठ दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा नाही.

एजंट म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका. आपलीच माणसं आणतो."

आपली म्हणजे कुठली? या वस्तीत हा प्रश्न जुना आहे. गिरण्यांच्या काळात कोकणातून, घाटावरून पोरगा मुंबईला आला की गावाच्या खोलीवर उतरायचा. एका खोलीत वीस-तीस माणसं, प्रत्येकाची भिंतीला एक ट्रंक. पहिली पाळी कामाला गेली की रात्रपाळीवाल्यांनी पाठ टेकायची. तिथे कागद कुणी मागत नसे. गावचा कुणीतरी म्हणायचा, "हा अमक्याचा मुलगा," की झालं. काका असेच राहिलेत. त्या खोलीने किती घरं तारली याला गणती नाही. पण ज्याचा तिथे कुणी ओळखीचा नसे, त्याला ते दार बंदच असायचं, हेही खरंच.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काकूंचं नुकतंच लग्न झालं होतं आणि दोघं खोली शोधत होते. घरमालक दारातच विचारायचे, "गिरणीत आहात? मग भाडं कुठून देणार?" एकाने तर बसा म्हणायच्या आधीच कडी लावली. शेवटी काकूंचं मंगळसूत्र मोडून पागडी, म्हणजे खोली मिळवायची एकरकमी रक्कम, भरली, तेव्हा या चाळीत शिरता आलं. ती कडी लावल्याचा आवाज काकूंना अजून आठवतो.

घरमालकांची भीतीही खोटी नव्हती. 1947च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी जुन्या दरावर गोठली आणि भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिले. 'एकदा आत आला की निघत नाही' ही धास्ती तिथून आली. लिव्ह अँड लायसन्सचं, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायला देण्याच्या कराराचं, मात्र तसं नाही. 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार मुदत संपली की जागा परत मागता येते, आणि त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. पण करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एजंटने पहिला माणूस आणला तो 'आपलाच' होता. गावही काकांच्या शेजारचं. बोलणं गोड. "काकू, रजिस्ट्रेशन कशाला? वर्षाचं भाडं आत्ता रोख घ्या." काका विरघळले. काकूंनी चहा दिला आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं. ती रुग्णालयात कंत्राटावर आया, तो मोटरसायकलवर पार्सल पोचवणारा. आडनाव ऐकून एजंटने काकूंना बाजूला घेतलं. "सोसायटीत लोक बोलतील."

काकूंनी वही उघडली. कोण कोण राहणार? आधी कुठे होता, का सोडलं? पगार कधी होतो? त्याच्याकडे पगाराची स्लिप नव्हती, पण बँकेच्या पासबुकात दर आठवड्याला पैसे जमा होते. सहा महिन्यांचं पान-पान काकूंनी बोट ठेवून वाचलं. मग त्यांच्या आधीच्या मालकिणीला, घाटकोपरला, फोन लावला. भाड्याचं विचारलंच, आणि वर, "ताई, खोली सोडताना भिंती कशा होत्या हो?" पलीकडून उत्तर आलं, "जाताना मोरी घासून गेली पोरगी."

माझ्या मते या फोनइतकं खरं काही आधार कार्डावर सापडत नाही. आडनावातून तर मुळीच नाही.

भाडं 18,000, डिपॉझिट 60,000, तेही बँकेतून. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, म्हणजे अकरा महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या धरलेल्या व्याजावर पाचशेच्या थोडं वर. नोंदणी फी 1,000. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती ऑनलाइन. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून द्यायचं, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. एवढ्यात सगळं बसतं.

(तीच खोली. संध्याकाळ. जमिनीवर लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र.)

करार घरीच होतोय. काकूंचा अंगठा यंत्र घेत नाही. संप लांबला तसं त्यांनी खाणावळीच्या भाकऱ्या थापल्या, पुढे वीस वर्षं, रेषा झिजल्यात. "मावशी, पुसून परत ठेवा." तिसऱ्यांदा लागतो. मग भाडेकरू पोरीची, त्या आयाची, पाळी येते. फिनेलने सोललेला तिचाही अंगठा यंत्र घेत नाही.

काकू आपला पदर पुढे करतात. "दाबू नकोस गं, अलगद टेकव."

हिरवा दिवा लागतो. काका लाइट मीटरचा फोटो काढायला बाहेर जातात, आणि काकू तिला खिडकी दाखवतात: पाऊस पश्चिमेकडून आला की इथून पाणी येतं, या फटीत फडकं लावायचं.