बर्नस्टाइनच्या सह्या

नमस्कार श्रोतेहो.

१४ नोव्हेंबर १९४३, रविवारची दुपार. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची मैफल रेडिओवरून अमेरिकाभर ऐकू जायची होती आणि कंडक्टर ब्रुनो वॉल्टर फ्लूनं आडवे झालेले. ऐनवेळी उभा केला तो पंचविशीतला सहायक, लेनर्ड बर्नस्टाइन. तालमीला वेळच नव्हता. पण दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर त्याची बातमी होती. या पोराला देशभर पोचवलं रेडिओनं. आणि गंमत अशी, की सातच वर्षांनी त्याच्यावर बालंट आलं तेही रेडिओच्याच नावानं.

त्याच्या संगीतावर तासन्‌तास बोलता येईल. आज मला बोलायचंय ते त्याच्या सह्यांबद्दल.

सही करायला बर्नस्टाइनचा हात फार सैल होता. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको जिंकला, तिथल्या निर्वासितांना मदत हवी, घ्या सही. संगीतकार हान्स आइसलर यांना कम्युनिस्ट म्हणून देशाबाहेर घालवायला निघाले, तर १९४८ साली त्यांच्यासाठी झालेल्या मैफलीच्या पुरस्कर्त्यांत याचं नाव. कोणत्या संस्थेमागे कोण आहे, याची चौकशी तो फारशी करत नसावा. ती चौकशी एफबीआय करत होती. तिथं त्याच्या नावाची फाइल फुगत गेली, ती अखेर आठशे पानांच्या आसपास पोचली. एवढी पानं त्याच्या सगळ्या सिंफन्यांच्या स्वरलिपीची तरी होतील का, कोण जाणे.

१९४९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकानं कम्युनिस्टांच्या नादी लागलेल्या मंडळींचे पन्नास फोटो छापले. त्यात आइन्स्टाइन होते, थॉमस मान होते आणि आपला बर्नस्टाइनही होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ आणि टीव्हीत कम्युनिस्ट कसे शिरलेत, हे सांगणारी १५१ नावांची यादी. त्यात बर्नस्टाइनचंही नाव. ज्याचं नाव त्यात, त्याला काम देताना मालक दहादा विचार करू लागले.

मग आला १९५३ चा उन्हाळा. पासपोर्ट नव्यानं करून द्यायला परराष्ट्र खात्यानं नकार दिला. कंडक्टरचा पासपोर्ट अडवणं म्हणजे शेतकऱ्याचा बैल सोडून नेण्यासारखं. त्यानं वकील गाठला, साडेतीन हजार डॉलर फी मोजली आणि प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. मी कम्युनिस्ट नाही, कधीच नव्हतो. ज्या ज्या संस्थांच्या कागदांवर नाव होतं, त्या एकेकीशी आपला संबंध कसा नावापुरताच होता, याचे खुलासे. खाली सही. पासपोर्ट मिळाला. डिसेंबरात हा गडी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात गायिका मारिया कॅलासबरोबर ‘मेडेआ’ हा ऑपेरा करत होता.

काही जण म्हणतात, तो वाकला. वाकलाच. पण त्या कागदात त्यानं दुसऱ्या कुणाला अडकवलं नाही, आणि त्या काळात हा फरक लहान नव्हता. ‘वेस्ट साइड स्टोरी’ ही त्याची गाजलेली संगीतिका बसवायला एकत्र आले त्यांच्याकडेच पाहा ना. दिग्दर्शक जेरोम रॉबिन्स. त्यांनी त्याच १९५३ साली संसदीय समितीपुढे सहकाऱ्यांची नावं सांगितलेली. लेखक आर्थर लॉरेंट्स. त्यांचं नाव काळ्या यादीत जाऊन आलेलं. आणि तिसरा हा, प्रतिज्ञापत्र देऊन सुटलेला. एका खोलीत बसून या तिघांनी दोन टोळ्यांच्या वैराची गोष्ट रचली. चहाच्या वेळी कोण कुणाकडे बघत असेल, असं माझ्या मनात येतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. यानं फुंकलं नाही. १९६५ साली कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून निघालेला मोर्चा माँटगोमेरीच्या वेशीवर आला, तेव्हा मोर्चेकऱ्यांसाठी झालेल्या रात्रीच्या कार्यक्रमात तो हजर होता. पुढे व्हिएतनाम युद्धाविरुद्धही उभा राहिला.

सगळ्यात जास्त नालस्ती झाली ती १४ जानेवारी १९७० च्या संध्याकाळी. त्याची बायको फेलिशिया हिनं पार्क अव्हेन्यूवरच्या घरी लोक बोलावले होते. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल पक्षाचे एकवीस जण आरोपी होते, बहुतेकांचा जामीन माणशी एक लाख डॉलर, खटला उभा राहण्याआधीच महिनोन्‌महिने गजाआड. त्यांच्या कुटुंबांसाठी आणि बचावासाठी निधी गोळा करायचा होता. पत्रकार टॉम वुल्फ त्या दिवाणखान्यात होते. सुक्या मेव्याच्या चुऱ्यात घोळवलेले चीजचे गोळे आणि क्रांतीच्या गप्पा, असं चित्र त्यांनी मासिकातल्या लांबलचक लेखात रंगवलं आणि ‘रॅडिकल शीक’, म्हणजे क्रांतीची फॅशन, हा शब्द या नवराबायकोला कायमचा चिकटला. लेख खमंग आहे, मीही हसलो. पण पुढच्या वर्षी मे महिन्यात ज्यांच्यावर खटला चालला, ते सगळे सगळ्या आरोपांतून सुटले. ते कुणाला आठवत नाही, चीजचे गोळे आठवतात. शिवाय पाहुण्यांना निनावी पत्रं धाडायच्या योजना पुढे एफबीआयच्या कागदपत्रांत सापडल्या.

मला विचाराल, तर त्याचं राजकारण दिवाणखान्यात शोधूच नये. वाद्यवृंदाच्या खुर्च्यांकडे पाहावं. १९४५ मध्ये त्याच्या ‘ऑन द टाउन’ या ब्रॉडवेच्या संगीतिकेचं संचालन एव्हरेट ली या कृष्णवर्णीय कंडक्टरकडे आलं. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा तो प्रमुख असताना, १९६२ मध्ये सॅनफर्ड अ‍ॅलन तिथले पहिले कायम कृष्णवर्णीय वादक झाले. १९६६ मध्ये ओरिन ओब्रायन या बाई डबल बेस घेऊन कायमच्या आल्या. अर्थात एवढ्यानं सारं सुधारलं नाही. १९६९ मध्ये दोन कृष्णवर्णीय वादकांनी याच वाद्यवृंदावर भेदभावाची तक्रार गुदरली. (जाता जाता, १९७८ मध्ये या वाद्यवृंदाची सूत्रं हाती घेतली ती आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी.)

अध्यक्ष निक्सन यांच्याशी त्याचं कधी जमलंच नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टनचं केनेडी सेंटर हे कलाकेंद्र त्याच्या ‘मास’नं, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीवर बेतलेल्या रचनेनं, उघडायचं होतं. त्यातल्या लॅटिन शब्दांत युद्धविरोधी संदेश दडवलेला असेल, अशी सूचना एफबीआयनं दिली आणि अध्यक्ष फिरकलेच नाहीत. १९७३ मध्ये निक्सन यांच्या दुसऱ्या शपथविधीच्या आदल्या रात्री बर्नस्टाइननं शहरातल्या कथीड्रलमध्ये हायडनचं ‘युद्धकाळातलं मास’ वाजवलं. आत जागा पुरली नाही, थंडीत लोक बाहेर उभे होते.

१९८९ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष बुश यांच्या हस्ते कलेचं राष्ट्रीय पदक घ्यायचं होतं. तेवढ्यात एड्सवरच्या एका प्रदर्शनाचं सरकारी अनुदान काढून घेतल्याचं कळलं. त्यानं पदक नाकारलं. पासपोर्टासाठी सही देणारा तो, आता एकाहत्तर वर्षांचा होता.

त्याच नाताळात, २५ डिसेंबरला, तो पूर्व बर्लिनमध्ये उभा होता. भिंत फुटून दीड महिना झालेला. दोन्ही जर्मनींतले वादक, शिवाय अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघातले. बेथोवनची नववी सिंफनी. त्यातला ‘फ्रॉयडे’, म्हणजे आनंद, हा शब्द त्यानं बदलून ‘फ्राइहाइट’, स्वातंत्र्य, असा केला. पंडितांनी नाकं मुरडली. बेथोवनचा आशीर्वाद असेल याची मला खात्री आहे, असं तो म्हणाला. त्यानंतर दहा महिन्यांत तो गेला.

आता त्या मैफलीतला शेवटचा भाग ऐकू या. आधी बराच वेळ नुसती वाद्यं आहेत, घाई करू नका. मग खर्जातला गायक एकटा उठतो आणि थोड्या वेळानं तो शब्द हाक मारल्यासारखा फेकतो. मागून कोरसमधले पुरुष तोच शब्द परत देतात. तेवढ्या जागी कान द्या.